रेडिएशन किती ते विचारताय, पण पाण्यात नेमकं काय उतरलंय तेही विचारा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

कैगा अणुवीज केंद्राच्या पाचव्या आणि सहाव्या युनिटच्या बातम्या यायला लागल्यापासून आपल्या वाचकांच्या सदरात दोनच प्रकारची पत्रं दिसतात. एकात असतं की सगळं विष आहे, कॅन्सर होणार, बंद करा. दुसऱ्यात असतं की शास्त्रज्ञांना कळतं, सरकारनं सगळं तपासलंय, उगीच बोंब मारू नका. दोन्हीकडची माणसं मनापासून लिहितात याबद्दल मला शंका नाही, पण दोन्हीकडं शब्द एकच, रेडिएशन, आणि प्रश्न पण एकच, मीटर किती दाखवतोय. मला जे सांगायचंय ते याच्या थोडं पलीकडचं आहे म्हणून पत्र लांबणार, जागा नसेल तर दोन दिवसांत छापा पण कापू नका एवढी विनंती.

मी केमिस्ट्रीचा पदवीधर. सगळी नोकरी उद्यमबागमधल्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये गेली, प्लेटिंगच्या म्हणजे धातूवर मुलामा चढवायच्या टाक्या तपासायच्या आणि गटारात जाणारं पाणी तपासायचं हे रोजचं काम. अणुऊर्जेतला मी तज्ज्ञ नाही. पण पाण्यात काय विरघळलंय ते कसं मोजतात, मोजताना यंत्र कुठं दगा देतं आणि रजिस्टरमध्ये आकडा लिहिला म्हणजे काम झालं असं मानलं की काय होतं, हे मला चांगलं माहीत आहे. अणुकचऱ्याच्या बाबतीत जगात जे मोठे घोटाळे झाले ते बघितले तर बरेचसे याच जागी झालेत.

आधी एक गोष्ट साफ सांगतो, कारण व्हॉट्सॲपवर काहीही फिरतंय. कैगा कारवार तालुक्यात, काळी नदीच्या काठावर, कद्रा धरणाजवळ. काळी पश्चिमेला वाहते, कारवारजवळ समुद्राला मिळते. म्हणजे तिथलं पाणी बेळगावच्या नळाला येत नाही, आमचं पाणी राकसकोप आणि हिडकलचं. दुसरं असं की कैगात वापरलेलं इंधन विरघळवून प्लुटोनियम काढायचा कारखाना नाही, ते काम तारापूर, ट्रॉम्बे, कल्पक्कमला चालतं, त्यामुळं अत्यंत जहाल द्रवाच्या ज्या टाक्यांबद्दल मी खाली लिहिणार आहे तसल्या टाक्या कैगात नाहीत. तिथं असतो तो कमी आणि मध्यम पातळीचा कचरा, त्यातला बराचसा सिमेंटमध्ये पक्का करून आवारातच जमिनीत बांधलेल्या काँक्रीटच्या खंदकांत ठेवतात. मग बेळगावच्या माणसानं यात का पडायचं असं कोणी विचारलं तर बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकी हे आपण एका दमात म्हणतो ना, मग कारवारच्या, जोयडाच्या माणसाच्या विहिरीचं पाणी हा पण आपलाच विषय झाला की. आणि इकडं बैलहोंगलच्या वाटेवर देशनूर भागात जमिनीत युरेनियम आहे म्हणून अणुखनिजवाल्यांनी ड्रिल मारून शोध घेतलेला आहे. त्यामुळं हा प्रश्न फक्त घाटाखालचा नाही.

आता मुद्द्यावर येतो. अणुकचरा म्हटलं की डोळ्यासमोर चमकणारी पिवळी पिंपं येतात. खरं बघायला गेलं तर द्रव कचऱ्यात वजनानं सगळ्यात जास्त काय असतं तर साधी केमिकलं. नायट्रिक ॲसिडात इंधन विरघळवतात, मग ते ॲसिड मारायला कॉस्टिक सोडा ओततात, त्यातून सोडियम नायट्रेट, नायट्राइट, ॲल्युमिनियमचे क्षार, वर गंज येऊ नये म्हणून वापरलेलं क्रोमेट, इकडून तिकडून आलेली सॉल्व्हंटं. किरणोत्सारी अणू त्यात मुठीनं मोजावे इतकेच. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात हॅनफर्ड म्हणून जागा आहे, नागासाकीवर टाकलेल्या बॉम्बचं प्लुटोनियम तिथंच तयार झालं, तिथं जमिनीखाली १७७ टाक्या आहेत आणि त्यांत जवळजवळ २१ कोटी लिटर असला माल साठलेला आहे. त्यातल्या १४९ टाक्या एकेरी भिंतीच्या. १९५० च्या दशकात टाक्यांत जागा पुरेना म्हणून द्रवातलं किरणोत्सारी सीझियम खाली बसवायला तिथल्या लोकांनी फेरोसायनाइड घातलं, सीझियम बसलं खरं, पण नायट्रेट आणि फेरोसायनाइड एकत्र आणि वर उष्णता म्हणजे स्फोटाचा धोका, हे केमिस्ट्री शिकलेल्याला सांगायला नको. पुढं कित्येक वर्षं त्या टाक्यांत नेमकं किती फेरोसायनाइड शिल्लक आहे हे शोधत बसावं लागलं.

आणि ही नुसती भीती नाही, स्फोट झालेले आहेत. २९ सप्टेंबर १९५७ ला रशियात उरल भागात मायाक कारखान्यात एका टाकीचं कूलिंग बंद पडलं, आतला नायट्रेट-ॲसिटेटचा साका सुकत गेला, तापत गेला आणि उडाला. वरचं १६० टनाचं काँक्रीटचं झाकण भिरकावलं गेलं. तो अणुस्फोट नव्हता, केमिकलचा स्फोट होता, पण त्यानं उडवलेली धूळ किरणोत्सारी होती आणि कैक गावं उठवावी लागली. दुसरं उदाहरण अलीकडचं. न्यू मेक्सिकोत मिठाच्या खाणीत जमिनीच्या अर्धा मैल खाली अमेरिकेची कचरा पुरायची जागा आहे, तिथं १४ फेब्रुवारी २०१४ ला एक पिंप फुटलं. कारण काय तर नायट्रेटचे क्षार असलेल्या कचऱ्यात ओल शोषायला, पाळीव मांजराच्या शी-शूसाठी वापरतात तो भुसा (कॅट लिटर) घातला होता, तो मातीचा न घालता धान्यापासून केलेला घातला, म्हणजे थेट जळण आणि त्याला ऑक्सिजन पुरवणारा ऑक्सिडायझर एकाच पिंपात. ती जागा जवळजवळ तीन वर्षं बंद राहिली. पिंपाबाहेर रेडिएशनचा मीटर धरून बसलेल्या माणसाला आत कोणती केमिकलं एकमेकांवर चढतायत ते कसं कळणार?

म्हणून मी म्हणतो की गायगर काउंटर घेऊन फोटो काढणारे पुढारी बघितले की मला बरं वाटत नाही. तो मीटर खोटा नाही, गॅमा किरणांना तो लगेच ओरडतो. पण काही द्रव्यं अशी आहेत की ती पाण्यात असूनही विहिरीत सोडलेल्या त्या मीटरला पत्ता लागत नाही. टेक्नेशियम ९९ घ्या. युरेनियम फुटल्यावर तयार होतं, अर्धायुष्य, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा काळ, दोन लाख अकरा हजार वर्षं. त्यातून निघतो तो दुबळा बीटा कण, पाण्याच्या पातळ थरातच मरतो, बाहेर येतच नाही. आणि हवेशी संबंध आला की टेक्नेशियम परटेक्नेटेट नावाचं रूप घेतं, ऋण भाराचं, पाण्यात सहज विरघळणारं, मातीच्या कणांवर पण ऋण भार असतो त्यामुळं माती त्याला धरत नाही, पाणी जाईल तिकडं ते जातं. सीझियम मातीला चिकटून मागं राहतं, टेक्नेशियम पुढं पळतं. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात त्याची जी मर्यादा धरतात ती वजनात मांडली तर लिटरला साधारण ५३ नॅनोग्रॅम येते. नॅनोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा दहा लाखावा भाग. इतकं बारीक मोजायचं तर विहिरीतून पाणी उपसायचं, बाटलीत भरायचं, लॅबला पाठवायचं, तिथं बाकी सगळं वेगळं काढायचं आणि मग मोजायचं, यात दिवस जातात आणि पैसा तर विचारूच नका. (हाच टेक्नेशियम, पण ९९एम नावाचा त्याचा सहा तासांत निम्मा होणारा भाऊ, हॉस्पिटलात हाडांच्या स्कॅनला टोचतात, त्याचा आणि या कचऱ्याचा गोंधळ करून पेशंटला घाबरवू नये, तो अगदी चिमूट असतो.)

इथं केमिकल सेन्सरचं काम सुरू होतं. म्हणजे बाटली लॅबला न्यायच्या ऐवजी लॅबच विहिरीत सोडायची. यावर सिनसिनाटी विद्यापीठातले विल्यम हाइनमन आणि त्यांचे सहकारी, सोबत हॅनफर्डजवळची पॅसिफिक नॉर्थवेस्ट नॅशनल लॅबोरेटरी, यांनी जे काम केलं ते मला फार आवडतं म्हणून जरा नीट सांगतो. काचेची पट्टी घ्यायची, तिच्यावर इंडियम टिन ऑक्साइडचा इतका पातळ थर द्यायचा की त्यातून वीज पण जाईल आणि उजेड पण जाईल, मोबाइलच्या टचस्क्रीनला असतो तोच थर. त्यावर पॉलिमरची पातळ फिल्म, ती अशी निवडायची की फक्त ऋण भाराचे आयन म्हणजे विद्युतभार असलेले कण आत घेईल, बाकीच्यांना दारातच थांबवेल. ही पहिली चाळणी. मग त्या थराला कमी-जास्त व्होल्टेज द्यायचं, म्हणजे आत शिरलेल्यांपैकी जे त्याच व्होल्टेजला इलेक्ट्रॉन घेतात किंवा देतात तेच बदलतील, ही दुसरी. आणि काचेच्या आतून उजेड उड्या मारत पुढं पाठवायचा आणि बघायचं की व्होल्टेज खालीवर होतंय तसा ठरलेल्या रंगाचा उजेड कमीजास्त होतोय का, ही तिसरी. तिन्ही परीक्षा एकाच वेळी पास होणारा पदार्थ एखादाच. फेरोसायनाइडचं ऑक्सिडेशन झालं की पिवळट फेरीसायनाइड होतं, उलट केलं की रंग जातो, त्यामुळं आधी त्यावरच हे जमवलं गेलं आणि हॅनफर्डच्या कचऱ्यासारख्या घाण मिश्रणात पण जमलं. टेक्नेशियमचं अवघड, कारण परटेक्नेटेटला डोळ्याला दिसेल असा रंगच नाही, त्याला आधी खालच्या अवस्थेला आणून योग्य लिगंडला (धातूला धरून ठेवणाऱ्या रेणूला) बांधायचं म्हणजे तो उजेड देतो, त्या दिशेनं त्यांनी बरंच संशोधन केलं.

युरेनियमसाठी दुसरी एक युक्ती आहे ती पण ऐकण्यासारखी. इलिनॉय विद्यापीठातल्या यी लू यांच्या गटानं २००७ मध्ये डीएनएचा तुकडा वापरून सेन्सर केला. युरेनियमचा युरॅनिल आयन आला की तो डीएनए दुसऱ्या धाग्याला कापतो, कापला की त्यावर बांधलेला दिवा म्हणजे चमकणारा रेणू मोकळा होतो आणि उजेड पडतो. अब्जात ०.०११ भाग इतकं युरेनियम त्यानं पकडलं, आणि पिण्याच्या पाण्याची मर्यादा आहे अब्जात ३० भाग. म्हणजे मर्यादेच्या हजारो पट खाली. लॅबमधलं मोठं यंत्र जे करतं ते हातात मावणाऱ्या वस्तूनं करता येतं एवढं यावरून सिद्ध झालं.

पण मी लॅबचा माणूस, त्यामुळं या सेन्सरांची नुसती आरती करणार नाही. आमच्याकडं पाण्याच्या टाकीत पीएचचा, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली ते मोजायचा, इलेक्ट्रोड कायम सोडलेला असायचा. काचेचा तो छोटा फुगा, त्यावर दोन-चार दिवसांत तेलाचा आणि गाळाचा असा पांढुरका पापुद्रा बसायचा की स्क्रीनवर आकडा ७.२ ला गोठून राहायचा, खाली टाकीत ॲसिड ओतलं तरी ७.२, आणि ज्याला बघायची सवय नाही तो म्हणणार की वा काय स्थिर प्लँट आहे. काढून पातळ ॲसिडमध्ये बुडवायचा, डिस्टिल्ड पाण्यानं धुवायचा, ४ आणि ७ च्या बफरमध्ये (पीएच आधीच ठरलेल्या द्रावणात) घालून परत जुळवायचा, मग कुठं खरं बोलायला लागायचा. ही सगळी कथा साध्या कारखान्याच्या पाण्याची. हॅनफर्डच्या टाकीत तर कॉस्टिक इतकं असतं की काचच हळूहळू खाल्ली जाते, शिवाय सोडियम भरमसाट असलं की काचेचा इलेक्ट्रोड सोडियमलाच हायड्रोजन समजतो आणि पीएच खऱ्यापेक्षा कमी दाखवतो, हे पुस्तकात अल्कलाइन एरर म्हणून सगळ्यांनी वाचलेलं असतं. वर रेडिएशननं इपॉक्सी पिवळं पडून तडकतं, केबलचं प्लॅस्टिक कडक होतं, साधी ऑप्टिकल फायबर काळवंडते. तिथं टिकणारा सेन्सर करणं हेच खरं अवघड काम.

म्हणून तिकडं दुसरी वाट धरली, रामन स्पेक्ट्रोस्कोपी. लेसरचा उजेड द्रवावर टाकायचा, परत येणाऱ्या उजेडात नायट्रेटची, नायट्राइटची, कार्बोनेटची, सल्फेटची, क्रोमेटची आपापली रेघ दिसते, पाइपमधून माल वाहत असतानाच कळतं, बाटली भरायला माणूस जवळ जायला नको. टाकीतला माल काचेत वितळवून पक्का करायला पाठवताना त्यात काय किती आहे हे आधी कळायलाच लागतं, नाहीतर काच नीट धरत नाही. २८ फेब्रुवारी १९२८ चा रामन यांचा शोध, ज्या दिवशी आपण विज्ञान दिन साजरा करतो, ते रामन आपल्या कर्नाटकात बेंगळूरला राहिले, तिथं त्यांची संस्था आहे, आणि त्यांचा उजेड अमेरिकेच्या सगळ्यात घाण टाक्यांत डोकावायला उपयोगी पडतोय. आपल्या पोरांना विज्ञान दिनाच्या भाषणात हे सांगितलं पाहिजे असं मला फार वाटतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यासाठी मी हे लिहायला बसलो. सेन्सर लावला म्हणून माणूस सुटला असं होत नाही. हॅनफर्डमध्ये १९७३ साली टी-१०६ नावाची टाकी गळायला लागली. सात आठवड्यांच्या आसपास गळत राहिली आणि ४ लाख ३५ हजार लिटर द्रव जमिनीत गेला. टाकीतली पातळी मोजली जात नव्हती काय? जात होती. आकडे नोंदले जात होते. पण ते आकडे बसून बघायचे, कालच्याशी ताडायचे, खाली चाललाय म्हणजे काहीतरी झालंय असं म्हणायचं, हे कोणी वेळेत केलं नाही. मला हे वाचून रजिस्टरांचे गठ्ठे आठवले, प्रत्येक कारखान्यात, प्रत्येक नगरपालिकेत, प्रत्येक पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात असतात ते, सही शिक्का सगळं व्यवस्थित आणि वाचलेलं कोणी नाही.

कैगाचाच २००९ चा प्रसंग बघा. नोव्हेंबरात तिथल्या पन्नासहून जास्त कामगारांच्या अंगात ट्रिटियम (हायड्रोजनचं किरणोत्सारी रूप) जास्त आढळलं. पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये कोणीतरी अणुभट्टीत वापरतात ते ट्रिटियम असलेलं जड पाणी मिसळलं होतं. ते कशानं उघड झालं? कामगारांच्या लघवीची नेहमीची तपासणी होते त्यातून. ट्रिटियम म्हणजे हायड्रोजनच, तो पाण्याचाच भाग होऊन बसतो, त्यामुळं त्याला कुठलाही केमिकल सेन्सर पकडू शकत नाही, नमुना घेऊन लॅबमध्ये मोजावंच लागतं. जपानमध्ये फुकुशिमाचं पाणी २४ ऑगस्ट २०२३ पासून समुद्रात सोडायला लागले तिथं पण हीच अडचण, गाळणी लावून ६२ प्रकारची द्रव्यं मर्यादेच्या खाली आणली, ट्रिटियम तसंच राहिलं, ते पातळ करून लिटरला १५०० बेकेरेलच्या (किरणोत्सार मोजायचं एकक) खाली आणून सोडतात. म्हणजे एकच यंत्र, एकच मीटर, एकच टेस्ट कशालाच पुरत नाही. सेन्सर पाहिजे, बाटली पाहिजे आणि आकडा बघणारा जागा माणूस पण पाहिजे. कैगात २००९ ला ती नेहमीची तपासणी चालू होती म्हणून प्रकार कळला, हे मान्य करायला पाहिजे.

आपल्याकडं काहीच होत नाही असं म्हणणं पण बरोबर नाही. प्रत्येक अणुवीज केंद्राजवळ पर्यावरण सर्वेक्षणाची लॅब असते, कैगाला पण आहे, केंद्र सुरू व्हायच्या आधीपासून तिथलं पाणी, दूध, मासे, भाजी, माती यांचे नमुने तपासतात. देशभर गॅमा मोजणारी केंद्रं आहेत. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या वार्षिक अहवालात कोणत्या केंद्रानं किती सोडलं ते मर्यादेच्या टक्केवारीत छापतात. सामान्य माणसासाठी वर्षाला १ मिलिसिव्हर्टची (अंगाला लागणारं रेडिएशन मोजायचं एकक) मर्यादा आहे. हे सगळं आहे. पण जोयडाच्या माणसानं तो अहवाल कुठं वाचायचा? इंग्रजीत, वर्ष उलटून गेल्यावर, टक्क्यांत. आमच्या सीमाभागातल्या मराठी माणसाला सातबारा मराठीत मिळावा म्हणून किती वर्षं भांडावं लागतंय ते आपल्या वाचकांना मी सांगायची गरज नाही, आणि जनसुनावणीच्या कागदांचं तर नावच काढू नका. घाटाखाली कोकणी, मराठी, कन्नड बोलणारे सगळे एकाच ओढ्याचं पाणी वापरतात, तर त्या पाण्याचा आकडा त्यांच्या भाषांत, त्या महिन्यातच, ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लागायला काय हरकत आहे? नुसता रेडिएशनचा नको, नायट्रेट किती, पीएच किती, क्रोमियम आहे का, युरेनियम किती, खंदकाच्या भोवतीच्या बोअरमध्ये पाणी कोणत्या पातळीला आहे, मागच्या महिन्यात काय होतं. कारण गळती झाली तर किरणोत्सारी अणूंच्या आधी बरेचदा ही साधी केमिकलं पुढं येतात, नायट्रेट वाढलं हीच पहिली खूण असू शकते, आणि नायट्रेटचा सेन्सर काही फार महाग नाही.

आणि हे फक्त कैगाला सांगून आपण हात झटकायचे असं पण नको. आपल्याच बोअरवेलचं काय? ग्रॅनाइटच्या खडकात खोल बोअर मारली की पाण्यात निसर्गतःच युरेनियम येऊ शकतं, कर्नाटकाच्या पूर्वेकडच्या जिल्ह्यांत ते मर्यादेच्या वर सापडलेलं आहे, त्याला ना कैगा कारण ना कारखाना. भारतीय मानकात आता पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला ०.०३ मिलिग्रॅम ही मर्यादा आलेली आहे. मोजायचं यंत्र आपल्या देशातच, इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात तयार झालेलं आहे, एलईडी फ्लोरीमीटर, पाण्याच्या पाच-सहा मिलिलिटर नमुन्यात फॉस्फेटचं बफर घालायचं, अल्ट्राव्हायोलेटचा झटका द्यायचा, युरेनियम असेल तर हिरवी चमक येते, ती मोजायची. बीएस्सीच्या पोराला एका दुपारी शिकवता येईल असं काम आहे. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम, ऊसपट्ट्यात युरिया पोत्यानं पडतोय तिथल्या विहिरींत किती आहे ते बघायला कोणी नको म्हटलंय?

क्रोमियमचं तर माझ्या जवळचं आहे. हॅनफर्डच्या अणुभट्ट्यांत थंड करायच्या पाण्यात गंज धरू नये म्हणून सोडियम डायक्रोमेट घालायचे, तेच सहा संयुजेचं क्रोमियम (क्रोमियमचं विषारी रूप) जमिनीतून कोलंबिया नदीपर्यंत पोचलं, तिथं सामन मासा अंडी घालतो, म्हणून ते उपसून गाळायला त्यांनी मोठे प्लँट बसवले. आणि तेच सहा संयुजेचं क्रोमियम आपल्या क्रोम प्लेटिंगमध्ये असतं. मी आयुष्यभर ते मोजलं, नमुन्यात आम्ल घालायचं, डायफिनाइल कार्बाझाइडचे थेंब टाकायचे, क्रोमियम असेल तर क्षणात जांभळट गुलाबी रंग चढतो, जितकं जास्त तितका गडद, रंगाचा गडदपणा मोजणारा कलरीमीटर ५४० नॅनोमीटरवर लावून आकडा घ्यायचा. पाण्यात टाकून ठेवायचे क्रोमियमचे सेन्सर पण बरेचसे याच रंगाच्या रिॲक्शनवर चालतात, फक्त माणसाच्या ऐवजी छोटा पंप थेंब सोडतो. पावसाळ्यात बळ्ळारी नाला फुगून शहापूर, वडगाव, अनगोळच्या भातात पाणी शिरतं, शेतकरी दरवर्षी निवेदन देतात, पंचनामा होतो किती एकर बुडलं त्याचा. त्या पाण्यात काय होतं याचा पंचनामा कधी झालेला मी ऐकला नाही. बासमतीचं शिवार म्हणून ज्याचं नाव होतं त्या जमिनीत काय बसतंय ते मोजल्याशिवाय कसं कळणार.

लोक म्हणतात खर्च कोण करणार. कैगाच्या पहिल्या युनिटनं डिसेंबर २०१८ पर्यंत सलग ९६२ दिवस न थांबता वीज दिली, त्या वेळचा जगातला रेकॉर्ड, आम्हाला सगळ्यांनाच त्याचा अभिमान वाटला. जे लोक अणुभट्टी इतके दिवस एका श्वासात चालवू शकतात त्यांना पाच-पन्नास बोअरमध्ये सेन्सर टाकणं, महिन्याला बफरमध्ये जुळवणं आणि आकडा बोर्डावर लावणं अवघड आहे असं मी मानत नाही. इच्छा पाहिजे, आणि मागणारे पाहिजेत. आणि मागताना नीट मागितलं पाहिजे. जनसुनावणीत माइक हातात आला की रेडिएशन रेडिएशन ओरडून खाली बसण्यापेक्षा असं विचारा की खंदकाभोवती किती बोअर आहेत, त्यात टेक्नेशियमची तपासणी कधी झाली, नायट्रेटचा सेन्सर आहे का, शेवटचं कॅलिब्रेशन म्हणजे यंत्र जुळवणं कुठल्या तारखेचं, आकडे रोज कोण बघतो, त्या माणसाचा हुद्दा काय, आणि आकडा वर गेला तर तो कोणाला फोन करतो. या प्रश्नांना गोलमोल उत्तर देता येत नाही.

आमच्या बेळगावात केमिस्ट्रीचे विभाग असलेली इतकी कॉलेजं आहेत, विद्यापीठ आहे, व्हीटीयू म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ इथंच आहे. एमएस्सीची पोरं प्रोजेक्टसाठी विषय शोधत फिरायलेत आणि शेवटी इंटरनेटवरून काहीतरी उतरवून बाइंडिंग करून देतायत. त्यांना खानापूर, बेळगाव, चंदगड भागातल्या विहिरी वाटून द्या, प्रत्येकानं आपापल्या गावची एक बोअर धरावी, पीएच, नायट्रेट, क्रोमियम, जमलं तर युरेनियम, वर्षभर महिन्याला एकदा. शिक्षकांनी आकडे तपासावेत, शंका आली तर तोच नमुना दुसऱ्या कॉलेजनं परत करावा. कैगाकडं बोट दाखवायचं असेल किंवा देशनूरला उद्या खाण निघाली तर तिला जाब विचारायचा असेल तर आधीचा आकडा हातात पाहिजे, नंतर ओरडून उपयोग नसतो, कंपनी म्हणते हे आधीपासूनच होतं आणि आपल्याकडं दाखवायला कागद नसतो.

संपादक साहेब, आपल्या पेपरात रोज सोन्याचा भाव, बाजार समितीतला भाजीचा भाव, पावसाळ्यात राकसकोपची पातळी फुटात छापून येते, लोक सकाळी आधी ते बघतात. त्याच पानावर महिन्यातून एकदा गावातल्या पाण्याच्या आकड्यांचा छोटा चौकोन छापायची तयारी असेल तर आकडे जमवायची, ते बरोबर आहेत का तपासायची आणि समजेल अशा मराठीत दोन ओळी लिहून द्यायची जबाबदारी मी आणि माझे दोन निवृत्त सहकारी घेतो. सुरुवात शहापूर-वडगावच्या विहिरींपासून करू, कलरीमीटर आमच्याकडं आहे, रसायनं आम्ही आणतो. ज्या कॉलेजांना यात यायचंय त्यांनी आपल्या कार्यालयात नाव द्यावं, आम्ही जाऊन भेटू.

आपला,
एक निवृत्त लॅब केमिस्ट,
शहापूर, बेळगाव